बोट-स्वेन, बोसन आणि सावधान

गेल्या वर्षी आंतर-हाऊस इंग्रजी वाचन स्पर्धेला मी परीक्षक होतो. आठवीतला एक कॅडेट वाचायला उभा राहिला. लातूर जिल्ह्यातला मुलगा, सहावीत इथे येईपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. त्याला विचारूनच हे लिहितो आहे, पण नाव घालत नाही. उतारा समुद्रातल्या वादळाचा होता. आवाज खणखणीत, विराम नेमके, मान वर. माझ्या कागदावर त्याचे गुण चांगलेच वर चालले होते. मग एक शब्द आला. बी-ओ-ए-टी आणि त्याला चिकटून एस-डब्ल्यू-ए-आय-एन. त्याने तो जसा दिसला तसा, न अडखळता वाचला : "बोट-स्वेन."

सभागृहात हशा पिकला. ज्यांना खरा उच्चार माहीत होता ते हसले, आणि ज्यांना माहीत नव्हता ते त्यांच्याहून मोठ्याने हसले. परीक्षकांच्या टेबलावरही कोणी तरी हसले. तो मीच होतो. मुलाने उतारा पूर्ण केला, सॅल्यूट केला आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या तासाला त्याचा हात वर गेला नाही.

त्या शब्दाचा उच्चार 'बोसन' असा होतो. जहाजाचे दोर, नांगर, शिडे आणि डेकवरची माणसे ज्याच्या हाताखाली असतात तो हा अनुभवी खलाशी. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकाचा पडदा वादळात सापडलेल्या जहाजावर उघडतो, आणि तिथे पहिली हाक त्यालाच मारली जाते. हे सगळे मी वर्गात सांगून मोकळा झालो असतो. पण मुलाचा उच्चार चुकला असला तरी त्याने केलेले काम चुकले नव्हते, आणि ते नेमके कसे, हे मला नीट मांडता येईना. ते सुचले ते वर्गात नाही, परेड ग्राऊंडवर.

सकाळी ड्रिल चालू होते. मी कडेने चाललो होतो. उस्तादांनी हुकूम दिला आणि मी पहिल्यांदा तो कान देऊन ऐकला. 'साव' लांब ओढलेला, जणू दोर ताणला आहे. मग क्षणभर थांबणे. आणि 'धान' तोडून टाकल्यासारखा. शंभर टाचा एकदम वाजल्या.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना विनंती करून वर्गात घेऊन आलो. म्हटले, उस्ताद, तो हुकूम एकदा द्या. त्यांनी दिला आणि सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. एकाची शाईची बाटलीही आडवी झाली. हसणे ओसरल्यावर मी फळ्यावर 'सावधान' लिहून विचारले, अक्षरे किती? सा, व, धा, न. चार. मग उस्तादांना विचारले, तुमच्या तोंडात तुकडे किती? ते म्हणाले, "सर, दो ही टुकड़े. 'साव' लंबा, 'धान' छोटा और कड़क."

लिहिताना चार, बोलताना दोन. ज्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात तो हा बोलण्यातला तुकडा. वर्गात मी त्याला 'घास' म्हणतो. एका स्वराभोवती मागेपुढे जेवढी व्यंजने चिकटतात तेवढा एक घास. मोजायची सोपी युक्ती आहे. हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, साधारण तितके घास. 'विश्राम' लिहिताना तीन अक्षरे, पण तोंडात 'विश्' आणि 'राम' असे दोनच. ड्रिल करणाऱ्या प्रत्येक कॅडेटला हे शरीराने कळलेले असते. त्याचे नाव मात्र कोणी सांगितलेले नसते.

आता इंग्रजी शब्दाकडे येतो. आपल्या सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचा घेऊ : क्वार्टरमास्टर. बूट, ब्लँकेट, मच्छरदाणी, जे हरवते ते सगळे ज्याच्या स्टोअरमधून मिळते तो. हा शब्द दोन तऱ्हांनी कापता येतो. तोंडाने कापला तर चार घास : क्वार, टर, मास, टर. अर्थाने कापला तर दोनच तुकडे : क्वार्टर आणि मास्टर. जिथे हे दोन शब्द जोडले आहेत त्या जागेला मी 'शिवण' म्हणतो. शर्टाची बाही जिथे अंगाला जोडलेली असते ती जागा जशी शिंप्याला ठाऊक असते, तशी शब्दाची शिवण वाचणाऱ्याला सापडली पाहिजे. इथे शिवण बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या घासाच्या मध्ये पडते. घास आणि शिवण एकाच ठिकाणी आले की शब्द शहाण्यासारखा वागतो.

शिवण सापडली की अर्थही सापडतो, कारण इंग्रजी जोडशब्दात बहुधा शेवटचा शब्द घराचा कर्ता असतो. आपल्या तत्पुरुष समासाचेही तेच. घोडेस्वार हा स्वार असतो, घोडा नव्हे. श्रीनगरच्या दल सरोवरातली हाऊसबोट ही एक बोट आहे. तेच दोन शब्द उलटे जोडा, बोटहाऊस होईल, आणि ते बोटी ठेवायचे घर आहे. क्वार्टरमास्टर हा मास्टर, म्हणजे प्रमुख. कशाचा? क्वार्टर्सचा. या शब्दाचा मूळ अर्थ चौथा भाग. त्यावरून शहराचा एक भाग, मग राहण्याची जागा, मग सैन्याचा मुक्काम. मुक्कामाची सोय लावणारा तो क्वार्टरमास्टर, आणि मुख्य मुक्काम ते हेडक्वार्टर्स. (नौदलात याच शब्दाचा संबंध जुन्या काळापासून सुकाणूशी आहे. शब्द तोच, पण जमीन सोडली की काम बदलते.) यातला 'मास्टर' मराठीत येऊन 'मास्तर' झाला, तेव्हा या शब्दात माझाही थोडा वाटा आहे.

अजून एक गोष्ट, आणि इथे ड्रिलची सवय थोडी आड येते. आपला हुकूम शेवटच्या घासावर आदळतो. इंग्रजी जोडशब्दाचा जोर बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर असतो. 'ग्रीनहाऊस' म्हणताना जोर 'ग्रीन'वर दिला तर ते रोपे वाढवायचे काचेचे घर. दोन्ही शब्द सुटे करून 'हाऊस'वरही जोर दिला तर नुसते हिरव्या रंगाचे घर. लिहिताना मधली मोकळी जागा जे काम करते ते बोलताना जोर करतो. आपली मुले लेक्चरेटमध्ये दोन्ही शब्द सारखेच ठोकून म्हणतात. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण क्षणभर उशिरा.

समासांचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्रजी भाषेचे अभ्यासक जोडशब्दांची वर्गवारी करताना 'बहुव्रीही' हाच शब्द वापरतात, रोमन लिपीत लिहून. पूर्वीच्या ब्रिटिश सैनिकाला 'रेडकोट' म्हणत. रेडकोट म्हणजे कोट नव्हे, लाल कोट ज्याचा आहे असा शिपाई. आपल्या दशमुख, नीलकंठ यांच्या पंगतीतलाच हा शब्द. इथे शेवटचा शब्दही कर्ता नसतो, कर्ता शब्दाच्या बाहेरच उभा असतो. मराठी व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तर, बोसन.

त्या दिवशी फळ्यावर मी तो शब्द लिहिला आणि मुलाकडे न बघता विचारले, याची शिवण कुठे? उत्तर आले नाही. मग मीच सांगितले की स्पर्धेत ज्याने 'बोट-स्वेन' वाचले त्याने ती बरोबर जागी दाखवली होती. बोट म्हणजे बोट. 'स्वेन' हा उत्तरेकडच्या समुद्रावर फिरणाऱ्या नॉर्स लोकांचा शब्द, अर्थ पोऱ्या, चाकर, हाताखालचा माणूस. बोटीवरचा गडी तो बोट-स्वेन. लिखाणात ही शिवण आजही उघडी दिसते. तोंडात मात्र ती घासून गेली. जहाजावर दिवसातून कितीदा तरी, वाऱ्यात, ओरडून हाक मारायचा शब्द. कोण पुरा म्हणत बसणार? दुसऱ्या तुकड्यावरचा जोर गेला, त्याचा स्वर मिटला, 'बोट'मधला ट आणि 'स्वेन'मधला व गळाला. बो आणि सन उरले. नीट पाहा, घास दोनच्या दोनच राहिले. पण स पहिल्या तुकड्याला चिकटल्यासारखा झाला आणि शिवण कुठे होती ते कानाला कळेनासे झाले.

समुद्रावरचे असे बरेच शब्द आहेत. छोटी नाव चालवणारा 'कॉक-स्वेन', म्हणतात 'कॉक्सन'. जहाजाच्या पुढच्या टोकाला पूर्वी लढायला उंच गढीसारखा मजला बांधत, म्हणून 'फोर-कासल', पुढचा किल्ला. म्हणतात 'फोक्सल'. इथे तर तीन घासांचे दोन झाले. बोटीच्या काठाची कड 'गन-वेल', म्हणतात 'गनल'. आणि हे फक्त खलाशीच करतात असे नाही. 'कप' आणि 'बोर्ड' मिळून झालेला, पेले मांडून ठेवायची फळी असा मूळ अर्थ असलेला शब्द आपण 'कबर्ड' म्हणतो, तेव्हा आपणही प कुठे तरी सांडून आलेलो असतो. (आपले 'कपाट' त्यावरून आले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते संस्कृत आहे, अर्थ दार. बद्रीनाथाचे कपाट उघडले अशी बातमी दर वर्षी येते ते हेच.)

झिजण्याची हद्द पाहायची असेल तर 'लॉर्ड' घ्या. जुन्या इंग्रजीत हा 'पाव' आणि 'राखणारा' अशा दोन शब्दांचा समास होता, घरातल्या भाकरीचा धनी. झिजत झिजत त्याचा एकच घास उरला. तो जहाजात बसून हिंदुस्थानात आला आणि आपल्या तोंडात 'लाट' झाला. लाटसाहेबांचा रुबाब मुळात भाकरीच्या टोपलीवरचा होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

मराठीला नावे ठेवायला जागा नाही, आपणही हेच केले आहे. कुंभ करणारा कुंभकार, त्याचा कुंभार झाला. मातेचे घर ते मातृगृह, त्याचे माहेर झाले. 'माहेर' म्हणताना त्यात 'घर' आहे हे कोणाच्या ध्यानात येते? फरक एवढाच की आपण उच्चार बदलला तसे लिहिणेही बदलले. इंग्रजांनी उच्चार बदलला आणि जुने लिहिणे तसेच ठेवले. त्यामुळे त्यांचा शब्द वाचायला अवघड झाला, पण त्यात त्याचा इतिहास जपलेला राहिला. स्पेलिंग पाठ करताना चिडणाऱ्या कॅडेटला मी हे सांगतो. त्याची चीड कमी होत नाही, पण शब्द लक्षात राहतो.

इथे मागच्या बाकावरून, केरळच्या एका कॅडेटने, प्रत्येक बॅच विचारते तो प्रश्न विचारला. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग मेजर जनरल हा लेफ्टनंट जनरलपेक्षा लहान कसा? तेव्हा मला जाणवले की याचे उत्तरही शिवणीतच आहे.

लेफ्टनंट हा मुळात फ्रेंच जोडशब्द. 'ल्यू' म्हणजे जागा, 'टेनंट' म्हणजे धरणारा. दुसऱ्याची जागा धरणारा, त्याच्या गैरहजेरीत त्याचे काम पाहणारा. आपल्याकडे नायब म्हणजे हेच, नायब सुभेदार हा हुद्दा आजही सैन्यात आहे. आणि 'टेनंट'ची जोडी लावायची तर सुभेदार, हवालदार, किल्लेदार यांतल्या 'दार'शी लावा. फारसीतला हा 'दार' म्हणजे धारण करणारा, आपल्या संस्कृत 'धृ' धातूचा सख्खा भाऊ. म्हणजे लेफ्टनंट जनरल हा जनरलची जागा धरणारा, त्याच्या खालोखालचा. आणि मेजर जनरल? सतराव्या शतकातल्या इंग्रजी सैन्यात तो हुद्दा तीन शब्दांचा होता : सार्जंट-मेजर-जनरल. लेफ्टनंट जनरलच्या खालचा. पुढे पहिला शब्द गळून पडला आणि राहिलेले दोन शब्द आपल्याला चकवू लागले. 

या हुद्द्यात कर्ता शेवटी आहे, जनरल. अनेक मेजर जनरल असतील तर अनेकवचनाचा 'स' त्यालाच लागतो. 'कोर्ट-मार्शल' मात्र फ्रेंच चालीचा आहे, विशेषण मागे. तिथे कर्ता कोर्ट पुढे बसतो, म्हणून जुन्या रीतीने 'स' मध्येच लागतो, कोर्ट्स-मार्शल. परीक्षेत हे विचारतात.

तास संपला. मुलगा काही बोलला नाही. मीही छेडले नाही. हसणाऱ्यांत परीक्षक होता हे एकदा सांगून झाले होते, त्याच्या पुढे काय बोलायचे ते सुचले नाही.

नंतर वार्षिकाच्या छपाईचे दिवस आले. इंग्रजी पानांची प्रुफे तपासायला मी आठवी-नववीची काही मुले बोलावली होती. त्यात तोही आला. आपल्या अंकात दोन कॉलम असतात, ओळी अरुंद. लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटतो आणि छोटी आडवी रेघ देऊन उरलेला तुकडा खाली जातो. हा शब्द कुठे तोडायचा यावर इंग्रजी छापणाऱ्यांत जुना वाद आहे. अमेरिकेत उच्चाराप्रमाणे तोडतात, घासाघासाने. इंग्लंडमध्ये व्युत्पत्तीकडे, म्हणजे शिवणीकडे, जास्त पाहत आले. 'नॉलेज' हे नेहमीचे उदाहरण. अमेरिकेत ते डब्ल्यू-एलच्या नंतर तुटते, तोंडात जसे येते तसे. इंग्लंडच्या जुन्या रीतीने 'नो', म्हणजे जाणणे, हा शब्द अखंड ठेवून एलच्या आधी. दोन्ही पद्धती चालतात. दोन्हींपैकी एकही न पाळणे मात्र चालत नाही.

अर्ध्या तासाने तो मुलगा एक पान घेऊन माझ्या टेबलाशी आला. एका कॅडेटने वाचलेल्या पुस्तकाचा परिचय होता, त्यात मनुष्यवधाच्या गुन्ह्याचा इंग्रजी शब्द आला होता. 'मॅन' आणि 'स्लॉटर', माणूस आणि कत्तल. शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता, पण एस हे अक्षर खाली जायच्या ऐवजी वरच राहिले होते. वरच्या ओळीत 'मॅन्स', खालच्या ओळीत 'लाफ्टर'. इंग्रजी स्पेलिंगची गंमत अशी की कत्तलीच्या शब्दातले पहिले एस काढले की राहते ते हसू. मनुष्यवधाचे 'माणसाचे हसू' झाले होते, आणि हे पान माझ्या हातून एकदा तपासून गेले होते, खाली माझी सही होती.

"सर," तो म्हणाला, "इथे शिवण चुकलीय."

मी रेघ एक अक्षर मागे सरकवली. पेन खाली ठेवतो तोच त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तीन आठवडे तो गप्प होता तेव्हा आणि त्यानंतरही, मेसमध्ये, स्टोअरमध्ये, नोटीस बोर्डावर दिसलेले जोडशब्द त्याने लिहून ठेवले होते. प्रत्येक शब्दात पेन्सिलीने उभी रेघ, शिवणीची. बहुतेक बरोबर होत्या. शेवटच्या शब्दाला रेघ एकच होती आणि पुढे प्रश्नचिन्ह. टर्नआऊटच्या तपासणीला खिशात लागतो तो हँडकरचीफ. "हँड कळलं, सर. पण हे पुढचं काय?"

आम्ही दोघांनी मिळून शब्दकोश उघडला. पुढचाही जोडशब्दच निघाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'झाकणे' आणि 'डोके', डोके झाकायचे फडके. त्याला पुन्हा 'हात' जोडला. म्हणजे हातात धरायचे, डोके झाकायचे फडके, जे आपण नाकाला लावतो. त्यातला 'चीफ' म्हणजे डोके, आणि लष्करप्रमुखांच्या पदनामात असतो तो 'चीफ' तोच. हे वाचून तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. मग मी त्याला आपला 'रुमाल' सांगितला. तोही फारसी जोडशब्द, 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. मराठीत त्याने डोक्यालाही गुंडाळून घेतले आणि पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांनाही. त्याने कागदावर 'रुमाल' लिहून मध्ये रेघ मारली.

यंदाच्या वाचन स्पर्धेचा उतारा निवडायचे काम माझ्याकडे आले आहे. पुन्हा समुद्राचाच घेतला आहे. त्यात जहाजाच्या पुढच्या टोकाचा तो किल्ला दोनदा येतो. हे पान ज्यांनी इथवर वाचले आहे त्यांनी तो कसा वाचायचा हे बाकीच्यांना सांगू नये.